कॅसेटचे कव्हर ते मेमरी कार्ड : दिलसुखनगरच्या निमित्ताने दख्खनी ध्वनिमुद्रणातील नामनिर्देशाचा विचार

दिलसुखनगर हे हैदराबाद शहराच्या आग्नेय बाजूचे उपनगर. चादरघाटचा पूल ओलांडून, मलकपेट आणि मूसारामबाग मागे टाकून विजयवाड्याच्या महामार्गाला लागले की ते येते. दिलसुख राम प्रसाद या जमीनमालकाच्या नावावरून वस्तीला हे नाव पडले असे सांगतात. त्यातील ‘दिल’ फारसी, ‘सुख’ आणि ‘नगर’ संस्कृत. दख्खनी भाषेची घडण वर्गात एका शब्दात समजावून सांगावयाची असेल, तर याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

या भागाची भरभराट मुख्यतः १९९० नंतरची आहे. संगणक-प्रशिक्षणाचे वर्ग, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, मुलामुलींची वसतिगृहे, कापडाची व भांड्यांची दुकाने आणि या सर्वांना धरून राहिलेला रस्त्यावरचा बाजार असे त्याचे स्वरूप झाले. नलगोंडा, खम्मम, महबूबनगरकडून शिकावयास येणारा तेलुगुभाषक विद्यार्थी येथे राहू लागला. शेजारच्या मलकपेट, सैदाबाद या भागांत मुस्लिम वस्ती मोठी. त्यामुळे तेलुगु, उर्दू-दख्खनी आणि हिंदी या तिन्ही भाषांचा ग्राहक एकाच फुटपाथवर उभा राहात असे. प्रशासकीयदृष्ट्या हा परिसर ज्या गड्डीअन्नारम नगरपालिकेशी जोडलेला होता, ती २००७ मध्ये ग्रेटर हैदराबाद महानगरपालिकेत विलीन झाली.

संगीताच्या विक्रीचा अलीकडचा इतिहास बहुधा मोठ्या दुकानांवरून लिहिला जातो. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘म्युझिक वर्ल्ड’ २०१३ मध्ये आणि मुंबईच्या काळा घोड्याजवळील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती खोटी नव्हती. परंतु अशा दुकानांत जाणारा रसिक हा देशातील एकूण ग्राहकांचा लहानसा भाग होता. दिलसुखनगरसारख्या ठिकाणी कॅसेट किराणा आणायला निघालेल्या माणसाने जाता जाता घेतली, आणि पुढे मोबाइलमधली गाणीही त्याने तशीच घेतली. म्हणून हा बदल समजून घेण्यासाठी असाच भाग अधिक उपयोगी आहे.

‘इंटरनेट आले आणि कॅसेटची दुकाने बुडाली’ असे सर्रास म्हटले जाते. दिलसुखनगरच्या बाबतीत हे विधान पुरते खरे नाही. येथे डाउनलोड हाही प्रथम दुकानातच, पैसे मोजून, हातात एक वस्तू घेऊन केलेला व्यवहार होता. दुकान टिकले आणि मालही बदलत्या रूपात टिकला. आधी नाहीसे झाले ते कॅसेटचे कव्हर. कव्हराबरोबर काय गेले, हा उर्दू आणि मराठीच्या अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

नाव कोठे असे?

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नाव आवाजातच असे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या मुद्रणात गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते. हा नखरा नव्हता. मुद्रित मेण जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात जाई. तेथील कारागिराला हिंदुस्थानी गाणाऱ्यांची ओळख असणे शक्यच नव्हते. कोणत्या तबकडीवर कोणता कागद चिकटवावयाचा हे त्याला कळावे म्हणून ही तजवीज होती. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना सुरू झाल्यावर तिची गरज उरली नाही, आणि नाव तबकडीच्या मध्यभागी असलेल्या गोल कागदावर स्थिरावले. लाखेच्या तबकडीचा तो कागद सोलून काढल्याशिवाय निघत नसे. वस्तू आणि तिची माहिती एकमेकींना चिकटलेल्या होत्या, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

कॅसेटने ही युती सैल केली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या या फितीची माहिती दोन ठिकाणी असे. एक, कॅसेटच्या प्लास्टिकवर छापलेली किंवा चिकटवलेली. दुसरी, डबीत घडी करून बसवलेल्या कव्हरावर. खरी माहिती कव्हरावर असे : गायकाचे नाव, शायराचे किंवा गीतकाराचे नाव, संगीतकार, साथीदार, ए बाजू, बी बाजू, कंपनीचा पत्ता, साल, किंमत. कव्हर हरवले तरी कॅसेट वाजत असे, ही तिची सोय. तिची उणीवही तीच.

कायद्याची भूमिका येथे पाहण्याजोगी आहे. चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाल्यावर १९८४ मध्ये १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५२-अ हे कलम आले. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे सक्तीचे झाले : मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. या यादीत गायक नाही, शायर नाही. त्यांची नावे छापली जात ती कायद्यामुळे नव्हे, तर गिऱ्हाईक नाव पाहून माल घेत असे म्हणून. तरीही या कलमाने अभ्यासकांवर नकळत मोठा उपकार केला. एखाद्या गल्लीतल्या कंपनीने काढलेल्या कव्वालीच्या कॅसेटलाही प्रकाशनाचा पत्ता आणि सन मिळाला. उर्दूतील कितीतरी छापील दीवानांना तो मिळत नाही.

कॅसेट आणि दख्खन

कॅसेटचा प्रसार कसा झाला याची कथा बऱ्याच अंशी परिचित आहे. गुलशनकुमार यांच्या सुपर कॅसेट्सने, म्हणजे टी-सिरीजने, १९८० च्या दशकात किंमत खाली आणली आणि पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत कॅसेट पोहोचवली. जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेण्याची वाट कायद्यातील एका तरतुदीने मोकळी ठेवली होती. तिचा पुरेपूर फायदा घेतला गेला आणि ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे एचएमव्हीची, मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांचा ‘कॅसेट कल्चर’ हा १९९३ चा ग्रंथ या विषयावर आजही आधारभूत मानला जातो. त्यांचे प्रतिपादन असे की, स्वस्त तंत्रामुळे लहान प्रदेशांच्या आणि लहान समूहांच्या संगीताला प्रथमच बाजार मिळाला. मात्र त्यांचे क्षेत्र उत्तर भारत आहे. दख्खनचा असा अभ्यास व्हावयास हवा होता.

महाराष्ट्राच्या बाजूला याचे ठळक उदाहरण प्रल्हाद शिंदे (निधन २००४) यांचे आहे. विठ्ठलाची भक्तिगीते, भीमगीते आणि कव्वाली हे तिन्ही प्रकार एकाच गळ्यातून घराघरांत गेले ते कॅसेटमुळे. हैदराबादेत ती जागा कव्वाली, नात, मुहर्रममधील नौहे, मुशायरे आणि दख्खनी विनोदी काव्य यांनी घेतली. अजीज अहमद खाँ वारसी यांना १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली होती आणि त्यांचे नाव देशभर होते. परंतु त्यांच्याखेरीज दर्ग्यांतून गाणारे कितीतरी कव्वाल असे होते, ज्यांच्यापर्यंत मोठी कंपनी कधीच गेली नसती. कॅसेट गेली.

आखाती देशांतील नोकरीचाही यात मोठा वाटा आहे. १९७० च्या दशकापासून हैदराबादचे हजारो लोक तिकडे गेले आणि सुट्टीवर येताना जपानी टू-इन-वन घेऊन आले. त्यावर गाणी तर ऐकली जातच, शिवाय घरच्यांचा आवाज भरून कॅसेटच पत्र म्हणून पाठवली जाई. लिहिता न येणाऱ्या आईचे ‘पत्र’ जेद्द्यात पोहोचू लागले. त्याच वाटेने मुशायऱ्यांच्या कॅसेटीही गेल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ या संस्थेने विनोदी मुशायऱ्यांची परंपरा जोपासली होती. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब (१९२२–१९७८), हैदराबादचे गौस खामखा, हिमायतुल्ला यांच्यासारख्या कवींचे काव्य मुळात ऐकण्याचे. त्यांतील गंमत उच्चारात आहे. ‘नक्को’, ‘हौ’, ‘काइकू’ हे शब्द कागदावर निम्मेच उतरतात. दख्खनीच्या बोलरूपाचा विचार करता या कॅसेटी काव्यसंग्रहांइतक्याच, काही बाबतीत अधिकच, प्रमाण मानाव्या लागतील.

पंडित विठ्ठल राव (निधन २०१५) यांचे उदाहरण वेगळे आणि बोलके आहे. नावावरून कोणीही त्यांना भजन-अभंगाचा गायक समजेल. प्रत्यक्षात ते हैदराबादी गझलगायकीचे मानदंड होते. सातव्या निजामाचे धाकटे पुत्र मुअज्जम जाह हे ‘शजी’ या तखल्लुसाने शायरी करीत, आणि त्यांच्या दरबारात विठ्ठल राव लहान वयातच गाऊ लागले. पुढे आकाशवाणीवर ते गात राहिले. कॅनडात वाढलेल्या गायिका किरण अहलुवालिया त्यांच्याकडे शिकावयास हैदराबादला आल्या. एवढ्या कीर्तीच्या मानाने त्यांची बाजारात आलेली ध्वनिमुद्रणे थोडी. त्यांचे बरेचसे गाणे आज ऐकावयास मिळते ते रसिकांनी मैफिलीत बसून, घरच्या टेपवर भरून घेतलेले. अशा कॅसेटला छापील कव्हर नव्हते. होती ती रेघांच्या कोऱ्या कार्डावर कोणीतरी बॉलपेनने, उर्दूत, घाईघाईने लिहिलेली तारीख.

दुकानातला डाउनलोड

सीडीचा काळ दिलसुखनगरच्या संदर्भात फार रेंगाळण्याजोगा नाही. मूळ सीडी महाग, आणि चोरटी सीडी कोठीच्या गुजराती गल्लीत स्वस्त, एवढे सांगितले की पुरते. महत्त्वाचा बदल एमपीथ्रीने केला. १९९५ मध्ये या तंत्राला हे नाव मिळाले. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले, न्यायालयात हरले आणि २००१ मध्ये बंद पडले. अॅपलने २००३ मध्ये गाण्यांचे ऑनलाइन दुकान उघडले. ही जागतिक कथा झाली. येथे तिचा अर्थ साध्या गणिताचा होता. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी मावत. सर्वसाधारण प्रतीच्या एमपीथ्रीत पाच मिनिटांचे गाणे सुमारे पाच एमबी जागा घेते. म्हणजे ७०० एमबीच्या एका सीडीत सुमारे १४० गाणी, बारा तासांचा ऐवज. आणि नखाएवढ्या एक जीबी मेमरी कार्डात सुमारे २०० गाणी.

मेमरी कार्ड घेणारे स्वस्त मोबाइल संच २००५ नंतर सर्वत्र झाले. अबिड्सजवळच्या जगदीश मार्केटमधून संच घ्यावयाचा आणि घराजवळच्या रिचार्जच्या दुकानातून त्यात गाणी भरून घ्यावयाची, ही रीत रूढ झाली. दुकानात एक जुना संगणक, एक कार्ड-रीडर आणि भाषावार केलेली फोल्डरे, एवढे भांडवल. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याकडे संगणक नव्हता, नेटकॅफेत तासाचे पैसे जात आणि वेग नसे. दुकानदाराने रात्री उतरवून ठेवलेली गाणी सकाळी गिऱ्हाइकाच्या कार्डात पडत. ‘चिप भरना’ हा शब्दप्रयोग याच व्यवहारातून आला. कॅसेटच्या काळात निवडक गाणी कोऱ्या कॅसेटवर ‘भरून’ देणारे दुकानदार होतेच. त्यांचेच क्रियापद नव्या वस्तूला लागले. भाषेने सातत्य ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा सर्व व्यवहार बहुतांशी बेकायदा होता. संगीत कंपन्यांच्या ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ या संघटनेने २०१० च्या सुमारास ‘एमएमएक्स’ नावाचा परवाना काढून अशा दुकानदारांना शुल्क भरून कायदेशीर होण्याची वाट दाखवली. म्हणजे उद्योगानेही हे दुकान हा विक्रीचा एक मार्ग आहे हे मान्य केले. उलट, पैसे देऊन इंटरनेटवरून गाणे उतरवून घेण्याचा पाश्चात्त्य प्रकार भारतात रुजलाच नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ ही सेवा काढली आणि २०१३ च्या जूनमध्ये गुंडाळली. अॅपलचे दुकान भारतात २०१२ च्या डिसेंबरमध्ये आले, तोवर उशीर झाला होता. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अहवालानुसार जगात डिजिटल आणि वस्तुरूप विक्रीचे उत्पन्न २०१४ साली समसमान, प्रत्येकी ४६ टक्के, झाले. आपल्याकडे मात्र ‘वस्तुरूप की डिजिटल’ हा प्रश्नच फसवा ठरतो. दिलसुखनगरच्या दुकानात भरलेले कार्ड या दोहोंपैकी कशात मोजावयाचे?

तेलुगु चित्रपटसृष्टीने हा बदल आपल्या समारंभांतून नोंदवला आहे. चित्रपटापूर्वी ‘ऑडिओ रिलीज’चा मोठा कार्यक्रम होई आणि पाहुण्यांच्या हस्ते पहिली कॅसेट, नंतर पहिली सीडी, बाहेर येई. पुढे गाणी एकेक करून यूट्यूबवर येऊ लागली, हाती धरून दाखवावयास काही उरले नाही, आणि तोच कार्यक्रम ‘प्री-रिलीज’ या नावाने होऊ लागला. चित्रपटगीतांच्या बाबतीत यात फारसे नुकसान नाही. त्यांचे गायक-गीतकार पडद्यावर, पोस्टरवर, वर्तमानपत्रांत नोंदलेले असतात. नुकसान झाले ते ज्यांची नोंद फक्त कव्हरावर होती त्यांचे.

१२८ बाइटांतील माहिती

एमपीथ्री फाइलीत माहिती साठवण्याची सोयच नव्हती असे नाही. १९९६ मध्ये ‘आयडीथ्री’ नावाची पद्धत निघाली. फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची जागा. तीन अक्षरांची खूण, मग शीर्षकाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, टिपणीला ३० आणि प्रकारासाठी १. गीतकारासाठी जागा नाही. प्रकारांच्या मूळ यादीत ऐंशी नावे होती. त्यांत गझल नाही, कव्वाली नाही, अभंग नाही. पुढच्या आवृत्तीत शब्दकाराचा रकाना आला खरा, पण कॅसेटवरून उतरवून घेणाऱ्या माणसाला तो भरण्याचे कारण नव्हते. गायकाच्या रकान्यात अनेकदा फाइल जेथून उतरवली त्या संकेतस्थळाचेच नाव आढळते, तेही रोमन लिपीत. बाकी फाइलींची नावे ‘ट्रॅक ०१’, ‘कव्वाली न्यू’, ‘हैदराबादी कॉमेडी ३’ या थाटाची.

याची तुलना हस्तलिखिताशी करून पाहावी. दख्खनी पोथीच्या अखेरीस ‘तरकीमा’ असतो. त्यात नकलनविसाचे नाव, नक्कल पूर्ण झाल्याचा दिवस, कधी गाव आणि कोणासाठी लिहिले तेही असते. मराठी पोथ्यांतही लेखनकाल आणि लेखक यांची नोंद शेवटी येते. डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी १९३१ मध्ये ‘इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू’ स्थापन करून दख्खनी हस्तलिखिते जमवली आणि १९४० मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाचे कुल्लियात संपादित केले. अशा कामाला आधार मिळतो तो या नोंदींचा. सोळाव्या-सतराव्या शतकातील पोथीची नक्कल कोणी केली हे पुष्कळदा सांगता येते. १९८८ मध्ये मुद्रित झालेल्या मुशायऱ्यातील नज्म कोणाची, हे मेमरी कार्डातील फाइलीवरून सांगता येत नाही.

मक्ता, नाममुद्रा आणि चाळीस सेकंद

आपल्या काव्यपरंपरांनी मात्र कव्हरावर कधीच पुरता विश्वास टाकला नव्हता. गझलेचा अखेरचा शेर, मक्ता, शायराचे तखल्लुस धारण करतो. मराठी संतकाव्यात शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांची येते तशीच श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचीही येते. विसाव्या शतकात वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आपल्या गीतांत ‘वामन’ ही मुद्रा ठेवली. त्यांच्या गाण्यांना कितीतरी गायकांनी कितीतरी चाली लावल्या, पण शेवटच्या कडव्यापर्यंत गाणारा गायक त्यांचे नाव लपवू शकत नाही. मौखिक परंपरेत रचना हातोहात जाते, कागद मागे राहातो, म्हणून नाव शब्दांतच विणून ठेवण्याची ही योजना आहे. गौहर जानच्या तबकडीवर जे आवाजात होते, तेच येथे वृत्तात बसवलेले आहे. कव्हर नसलेल्या फाइलीलाही त्यामुळे कर्ता सापडतो.

परंतु दोन अडचणी आहेत. पहिली, काव्यप्रकाराची. मक्ता गझलेला असतो आणि गझलेच्या घाटाने चालणाऱ्या बहुतेक नातींना असतो. नज्मेला तो आवश्यक नाही. दख्खनी विनोदी काव्याचा मोठा भाग नज्मेच्या स्वरूपात आहे : सासू-सुनेचे भांडण, नोकरी शोधणारा जावई, गावाकडून शहरात आलेला पाहुणा. त्यात कवीचे नाव आतून येत नाही. ते निवेदकाने मंचावर पुकारलेले असते, आणि उतारा काढणाऱ्याने नेमके तेवढेच कापलेले असते. म्हणजे ज्या काव्याला कव्हराची गरज सर्वांत जास्त, त्याचेच कव्हर गेले. खतीब यांच्यासारख्या थोरांची नज्म छापील संग्रहावरून ओळखता येते. ज्यांचा संग्रह निघाला नाही त्यांची कॅसेट हीच एकमेव प्रत होती. कव्वालीत आणखी गुंतागुंत. कव्वाल एका शायराच्या कलामात दुसऱ्याच्या ओळींची ‘गिरह’ लावतो, मक्ता कधी गातो, कधी वेळेअभावी सोडतो. जुन्या कव्हरावर ‘कलाम’ या शब्दापुढे शायराचे नाव असे, त्यावरून मूळ रचना आणि गिरह वेगळी काढता येई.

दुसरी अडचण लांबीची. २००४ पासून मोबाइल कंपन्यांनी कॉलर ट्यून विकावयास सुरुवात केली. फोन करणाऱ्याला घंटीऐवजी गाणे ऐकू येई. महिन्याचे ३० रुपये भाडे, शिवाय प्रत्येक गाण्याचे वेगळे पैसे. काही वर्षे भारतीय संगीत कंपन्यांचे डिजिटल उत्पन्न प्रामुख्याने यावरच उभे होते. ग्राहकाने न मागता सेवा सुरू होते अशा तक्रारी वाढल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये, आणि पुन्हा २०१३ मध्ये, ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे बंधन घातले. त्यानंतर हा धंदा खचला. काव्याच्या दृष्टीने पाहावयाचे तर तीस-चाळीस सेकंदांत मतला किंवा मुखडा येतो, मक्ता येत नाही. दोन ओळींचे गाणे, ज्याला शेवटच नाही आणि म्हणून कर्ता नाही. वीस मिनिटांची कव्वाली कॅसेटच्या एका बाजूत सहज मावत असे, हे येथे आठवते. लाखेच्या तबकडीवरही गाणे तीन-सव्वातीन मिनिटांत आटपावे लागे. पण तेथे निदान मध्यभागी कागद होता.

‘द अंग्रेझ’ (२००५) आणि ‘हैदराबाद नवाब्स’ (२००६) या दख्खनी विनोदी चित्रपटांनीही हाच प्रवास केला. चित्रपटगृहाइतकेच ते व्हीसीडीवर आणि नंतर मोबाइलमधील तुकड्यांत पाहिले-ऐकले गेले. या तुकड्यांमुळे दख्खनी बोली हैदराबादबाहेर पोहोचली, मराठवाड्यातही तिला हसून दाद मिळाली. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र तुकडा ऐकणाऱ्याला तो कोणी लिहिला हे विचारण्याची सवय त्याने लावली नाही.

फिती, फाइली आणि कायदा

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. चिप भरणाऱ्या दुकानांचे प्रयोजन त्याबरोबर संपले. ती मोबाइलची काच, कव्हर आणि चार्जर विकू लागली. येथे ‘कव्हर’ या शब्दाचा अर्थही बदलला, हे जाता जाता. २०१७ मध्ये सारेगामाने (म्हणजे जुन्या एचएमव्हीने) पाच हजार गाणी आत भरलेला ‘कारवां’ हा संच काढला आणि तो चांगला खपला. हाती धरता येईल असे काहीतरी हवे असणारा ग्राहक शिल्लक होता असा त्याचा अर्थ. पण त्या संचात एका मोठ्या कंपनीच्या मालकीचीच गाणी असणार. मलकपेटच्या घरात पडलेल्या मुशायऱ्याच्या कॅसेटीला त्यात जागा नाही.

त्यांतील काही कॅसेटी आता खाजगी संग्राहकांनी यूट्यूबवर चढवल्या आहेत. या मंडळींचे ऋण मोठे आहे. काही जण कव्हराचे छायाचित्रही जोडतात, आणि तेवढ्या एका छायाचित्राने ध्वनिमुद्रण ‘साधन’ होते. बहुतेक जण जोडत नाहीत. पार्श्वभूमीला चारमिनारचे चित्र असते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाने तबकड्यांच्या नोंदी, सूच्या आणि लेखन यांचे जे काम केले, तसे दख्खनी कॅसेटच्या वाट्याला आलेले नाही. तबकडी जुनी, म्हणून मौल्यवान. कॅसेट अलीकडची, स्वस्त, ‘बाजारू’, म्हणून रद्दीत. हा दृष्टिकोन विद्यापीठांतूनही आढळतो आणि तो चुकीचा आहे. फितीवरील चुंबकीय थर काळाने झिजतो, ओलाव्याने बुरशी धरतो. कोणत्याही चांगल्या प्रतीची तबकडी तिच्यापेक्षा अधिक टिकते.

कायद्याच्या बाजूने दोन तरतुदींची नोंद आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९८५ ची कॅसेट घेतली तर ३१ डिसेंबर २०४५ पर्यंत. ५२-अ प्रमाणे तिच्या कव्हरावर कंपनीचा पत्ता असेलही, पण त्या पत्त्यावर आज कंपनी असेलच असे नाही. हक्कधारक सापडत नसेल तर ३१-अ या कलमाखाली परवाना मागता येतो. त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आधी जाहिरात द्यावी लागते. दख्खनी नज्मेच्या वारसाने ती इंग्रजी जाहिरात वाचावी ही कायद्याची अपेक्षा आहे.

दुसरी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली आणि महाविद्यालयांच्या अधिक उपयोगाची आहे. त्याच दुरुस्तीने ३८-ब कलमाद्वारे गायक-वादकांना आपले नाव नमूद होण्याचा हक्क मिळाला; लेखकाला तो ५७ व्या कलमाने आधीपासून होता. शिवाय ५२ व्या कलमात अशी मुभा आली की, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखाद्या कृतीची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. महाविद्यालयाचे ग्रंथालय या व्याख्येत बसते का, हे प्रत्येक संस्थेने आपल्या नियमांवरून तपासावे लागेल. मुभेला अट एकच आहे. त्या कृतीची मूळ, डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाच्या ताब्यात आधीपासून असली पाहिजे. आणि दाखलनोंदवहीत ‘कॅसेट’ हा रकाना असलेली ग्रंथालये आपल्याकडे थोडीच आहेत.